आमच्या घराण्यात कुणालाच नव्हता, मग मावशीला कसा?

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर माझ्या मावशीला स्तनाचा कॅन्सर असल्याचं निदान झालं. वय ६१. गाठ काढली, केमोच्या तारखा ठरल्या, इथवर ती खंबीर होती. मग एका भेटीत डॉक्टर घाईघाईत म्हणाले, ‘‘जेनेटिक टेस्ट करून घ्या,’’ आणि त्यांनी पुढच्या पेशंटची फाइल ओढली. त्या एका वाक्यानं ती खचली. रात्री फोन आला : ‘‘अगं, आमच्या घराण्यात कुणालाच नव्हता गं. आणि आता हे म्हणतायत जेनेटिक. म्हणजे माझ्यामुळे पोरीलाही होणार का?’’

मी पुणे विद्यापीठात जैवतंत्रज्ञान शिकले, नंतर काही वर्षं प्रयोगशाळेत कॅन्सरच्या पेशी वाढवण्यातच घालवली. तरी फोनवर मला तिला धड सांगता येईना. शेवटी दुसऱ्या दिवशी उठून नारायण पेठेत तिच्या घरी गेले.

घोळ शब्दाचा आहे. ‘जेनेटिक’ म्हटलं की आपल्याला वाटतं, घराण्यातून आलेलं. पण मराठीत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत आणि ते वेगळेच ठेवावेत. जनुकीय म्हणजे जनुकात बिघाड झाल्यामुळे होणारं. आनुवंशिक म्हणजे तो बिघाड आईबापांकडून आलेला. कॅन्सर हा जवळजवळ नेहमीच जनुकीय आजार असतो. पण आनुवंशिक कॅन्सर थोडे, साधारण शंभरात पाच ते दहा. बाकीच्यांच्या जनुकांत बिघाड झालेला असतो, पण तो त्यांच्या हयातीत, शरीराच्या एखाद्या कोपऱ्यातल्या एखाद्या पेशीत. तो मुलांकडे जात नाही.

मावशीनं लगेच विचारलं, ‘‘बिघाड होतो म्हणजे नक्की काय होतं?’’

इथे माझं नशीब चांगलं. काकांचा छापखाना होता आणि मावशीनं तीस वर्षं तिथे प्रुफं तपासली आहेत. शिशाचे अक्षरखिळे जुळवायच्या जमान्यापासून. तिला चूक म्हणजे काय हे मी शिकवायची गरज नव्हती.

आपल्या प्रत्येक पेशीत एक मजकूर असतो. त्याची अक्षरं फक्त चार : ए, टी, जी, सी. एकूण अक्षरं सुमारे ३०० कोटी. एका पानावर दोन हजार अक्षरं धरली तर ३०० पानांची ५,००० पुस्तकं भरतील. आणि पेशीत असे दोन संच असतात, एक आईकडचा आणि एक वडिलांकडचा. हा सगळा मजकूर म्हणजे जीनोम. त्यातले जे उतारे वाचून पेशी प्रथिनं बनवते, ती जनुकं. ती साधारण २०,००० आहेत आणि प्रथिनांची कृती सांगणारा भाग एकूण मजकुराच्या एक-दोन टक्केच भरतो. मधल्या भागाला एके काळी सरसकट ‘अडगळ’ म्हणत. आता तसं म्हणायला कुणी धजत नाही, कारण कुठलं जनुक कधी वाचायचं याच्या बऱ्याचशा सूचना त्या अडगळीतच सापडल्या.

पेशीची दुप्पट होताना हा सगळा मजकूर नव्यानं जुळवावा लागतो. जुळवणारं यंत्र लाखात एखादं अक्षर चुकतं. पण तेच यंत्र हातासरशी मागे वळून पाहतं आणि चुकीचा खिळा उपसून टाकतं. मग चूक कोटीत एकावर येते. त्यानंतर दुसरी टोळी येते, ती ताज्या प्रतीवरून हात फिरवते, आणि शेवटी साधारण शंभर कोटी अक्षरांमागे एक चूक उरते. या पहिल्या तपासणीला शास्त्रज्ञ खरोखरच ‘प्रूफरीडिंग’ म्हणतात, ही उपमा मी जुळवलेली नाही. हा मजकूर ज्या रेणूत लिहिलेला असतो त्या डीएनएची दुरुस्ती कशी होते हे शोधणाऱ्या लिंडाल, मॉड्रिच आणि सँकार यांना २०१५चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

‘‘शंभर कोटीत एक?’’ मावशी म्हणाली. ‘‘आमच्याकडे फर्म्याला दोन निघाल्या तरी मालक पेढे वाटायचे.’’ (फर्मा म्हणजे एकदम छापायच्या पानांचा जुडगा.)

पण शरीरात पेशी आहेत सुमारे ३७ लाख कोटी. त्यांतल्या कितीतरी आयुष्यभर दुणावत राहतात. शिवाय छापताना झालेल्या चुका वेगळ्या आणि छापलेल्या पानावर नंतर चहा सांडला तर ते वेगळं. तंबाखूचा धूर, उन्हातले अतिनील किरण, काही विषाणू हे मजकुरावर बाहेरून डाग पाडतात. वय वाढेल तसा चुकांचा साठा वाढतो. कॅन्सर उतारवयात जास्त का दिसतो, याचं मोठं उत्तर इतकं साधं आहे.

आता सगळ्याच चुका घातक नसतात. बहुतेक अशा जागी पडतात की पेशीला पत्ताही लागत नाही. पण जागा नाजूक असेल तर एक अक्षर पुरतं. जनुकातला मजकूर तीन-तीन अक्षरांच्या शब्दांत वाचला जातो, मध्ये मोकळी जागा नसते. मावशीच्या पॅडवर मी लिहिलं : कमळ पदर नजर. आता ‘नजर’मधला न बदलून ग केला तर ‘गजर’ होतो. शब्द शाबूत, अर्थ दुसराच. पण ‘कमळ’मधला म गळाला आणि पुढची अक्षरं एकेक घर मागे सरकली तर?

कळप दरन जर.

पहिला शब्द नशिबानं शब्दच राहिला, पुढे सगळा आनंदीआनंद. अक्षर गळणं हे अक्षर बदलण्यापेक्षा बहुधा वाईट असतं, ते याचमुळे. पण बदललेलं अक्षरही हलक्यात घेऊ नये. १९८२ मध्ये मूत्राशयाच्या कॅन्सरच्या पेशींतलं रास नावाचं जनुक वाचून पाहिलं, तेव्हा निरोगी जनुकात आणि त्यात फरक निघाला एकाच अक्षराचा. जीच्या जागी टी. तेवढ्यानं एक प्रथिन ‘चालू’ अवस्थेत अडकून बसतं आणि पेशीला ‘दुणाव, दुणाव’ असा आदेश देत राहतं.

रास हे पायडलसारखं जनुक. काही जनुकं ब्रेकसारखी असतात. इथे मी मावशीला सायकलीचं उदाहरण दिलं, पुण्यात ते चालतं. सायकलीला दोन ब्रेक असतात, पुढचा आणि मागचा. जनुकाच्याही प्रती दोन. एक ब्रेक तुटला तरी दुसऱ्यावर कात्रजचा घाट उतरता येतो. दोन्ही तुटले की संपलं. १९७१ मध्ये आल्फ्रेड नडसन यांनी डोळ्याच्या पडद्याचा कॅन्सर झालेल्या ४८ रुग्णांच्या नोंदी घेऊन बसल्या बसल्या हेच गणित मांडलं. काही मुलांना तो दोन्ही डोळ्यांत आणि फार लवकर होतो, काहींना एकाच डोळ्यात आणि जरा उशिरा. नडसन म्हणाले, पहिल्या मुलांना सायकलच एका ब्रेकची मिळाली आहे. दुसरा तुटायचीच खोटी. दुसऱ्या मुलांचे दोन्ही ब्रेक नंतर, एकाच पेशीत तुटावे लागतात. तेव्हा ते जनुक कुणी पाहिलेलंही नव्हतं. १५ वर्षांनी ते सापडलं आणि हिशेब बरोबर निघाला. मला हा किस्सा फार आवडतो. कागद, पेन आणि जुन्या केसपेपरांवर केलेलं विज्ञान.

ब्रेकांमधला सगळ्यात नावाजलेला म्हणजे पी ५३. मजकूर फार बिघडलाय असं दिसलं की तो पेशीला थांबवतो, आणि दुरुस्ती होत नसेल तर मरायला सांगतो. माणसाच्या जवळजवळ निम्म्या कॅन्सरांत हाच बिघडलेला असतो. (हत्तीकडे या जनुकाच्या सुमारे ४० प्रती आहेत, आपल्याकडे दोन. एवढ्या प्रचंड देहात कॅन्सर इतका कमी का, याचं एक कारण ते असावं असं मानतात.)

मावशीच्या टेस्टचा विषय मात्र तिसऱ्या जातीच्या जनुकांचा होता. बीआरसीए १ आणि बीआरसीए २. दवाखान्यात सगळे त्यांना ‘ब्राका’ म्हणतात. ही पायडल नव्हेत, सरळ अर्थानं ब्रेकही नव्हेत. हे दुरुस्तीवाले आहेत. डीएनएचे दोन्ही धागे तुटले तर ते नीट सांधून देणं हे यांचं काम. हेच आजारी पडले की बाकीच्या चुका झपाट्यानं साठतात. मावशी म्हणाली, ‘‘म्हणजे प्रूफरीडरलाच मोतीबिंदू.’’ मी इतकी वर्षं शिकून हे वाक्य मला सुचलं नव्हतं.

अशी जनुकं घराण्यांत फिरतात हे मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये दाखवलं. बीआरसीए १ हे सतराव्या गुणसूत्रावर, म्हणजे मजकुराच्या सतराव्या खंडात, आहे एवढा पत्ता त्यांनी लावला, नेमकं जनुक १९९४ मध्ये हाती लागलं, बीआरसीए २ पुढच्या वर्षी. या जनुकांत घातक बदल घेऊन जन्मलेल्या बाईला वयाच्या ऐंशीपर्यंत स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता ७० टक्क्यांच्या आसपास असते, आणि बीजांडकोशाच्या कॅन्सरचा धोकाही वाढतो. मुलांकडे जाण्याची शक्यता निम्मी. मुलगा असो वा मुलगी.

आणि वडिलांकडूनही. हे मी दोनदा सांगितलं, कारण ‘आमच्या घराण्यात कुणालाच नव्हता’ म्हणताना मावशीनं आई, आजी, मावशा एवढ्याच मोजल्या होत्या. स्तनाचा आजार म्हणजे बायकांकडून येणार, असं आपण धरूनच चालतो. ‘‘आणि आजोबांकडचं कोण?’’ मी विचारलं. ती जरा थांबली. ‘‘आत्या होती एक, साताऱ्याला दिलेली. चाळिशीतच गेली. पोटात पाणी झालं म्हणायचे.’’ पोटात पाणी होण्याची कारणं अनेक असतात, पण बीजांडकोशाचा कॅन्सर हे त्यांतलं एक आहे. त्या काळी कुणी नाव घेत नसे, आणि बायकांच्या बाबतीत तर नाहीच. (ती माझ्या आईचीही आत्या, हे मला घरी परतताना बसमध्ये सुचलं.)

टेस्टबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. दोन प्रकारच्या तपासण्या असतात आणि लोक त्या सर्रास एक समजतात. रक्त किंवा लाळ घेऊन केलेली तपासणी म्हणजे तुम्ही जन्मतः काय घेऊन आलात ते पाहणं. काढलेल्या गाठीच्या तुकड्यावर केलेली तपासणी म्हणजे त्या गाठीत नंतर काय बिघडलं ते पाहणं. पहिलीचा संबंध मुलाबाळांशी येतो आणि कधी कधी औषधाशीही, दुसरीचा प्रामुख्यानं औषध निवडण्याशी. डॉक्टरांनी ‘जेनेटिक’ म्हटलं की ‘रक्ताची की गाठीची?’ एवढं विचारावं. मावशीची रक्ताची होती.

मग ती म्हणाली, ‘‘तू तिकडे गणेशखिंडला इतकी वर्षं काय करत होतीस? हेच?’’

साधारण हेच, फक्त फार बारीक तुकड्यात. विद्यापीठाच्या आवारातच नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स आहे, एनसीसीएस. तिथल्या पेशींच्या भांडारातून देशभरातल्या प्रयोगशाळांना पेशी जातात. थोडं पुढे पाषाणला आयसर ही विज्ञानसंस्था आहे, २००६ पासून. आमच्या पेशी तळहातावर मावेल अशा चपट्या प्लॅस्टिकच्या फ्लास्कमध्ये असत, गुलाबी-लाल रसात, ३७ अंशांवर. पेशी खाऊन-पिऊन वाढल्या की रस आंबट होतो आणि रंग केशरी, मग पिवळा होतो. रोज सकाळी कपाट उघडून आधी रंग बघायचा. एकदा सोमवारी उघडलं तर सहाच्या सहा फ्लास्क पिवळेधम्मक आणि गढूळ. शुक्रवारी निघायच्या घाईत मी हातमोज्यांना अल्कोहोल न लावता बाटली उघडली होती. जिवाणू शिरले. सहा आठवड्यांचं काम ब्लीचमध्ये ओतलं आणि कँटीनमध्ये जाऊन बसले.

या पेशी कुठून येतात? जगातली सगळ्यात जुनी माणसाच्या पेशींची ओळ म्हणजे हेला. १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या बाईच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून घेतलेली, तिला न विचारता. ती बाई त्याच वर्षी गेली, पेशी आजही वाढतायत. सूक्ष्मदर्शकाखाली हेलाची गुणसूत्रं मोजली तर ४६ ऐवजी सत्तरच्या वर भरतात. अक्षरांच्या चुका तर आहेतच, पण पानंच्या पानं दुबार छापली गेलीत, फर्मे उलटसुलट बांधले गेलेत. कॅन्सरचा जीनोम हा असा असतो.

पुण्यात ज्या प्रश्नावर बरंच काम झालं तो मात्र अक्षरांचा नाही, घडीचा आहे. एका पेशीतला डीएनए सरळ केला तर सुमारे दोन मीटर भरतो, आणि तो मिलिमीटरच्या काही हजारांश रुंदीच्या केंद्रकात बसवलेला असतो. तो प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळतात, वेटोळी घालतात, ठिकठिकाणी गाठी मारतात. जो भाग घट्ट गुंडाळलेला तो वाचता येत नाही, सैल असेल तो वाचता येतो. डोळ्याच्या आणि यकृताच्या पेशीत मजकूर एकच, पण उघडी पानं वेगळी. डीएनएच्या या घड्या धरून ठेवणाऱ्या सॅटबी १ आणि स्मार १ या प्रथिनांवर एनसीसीएसमध्ये खूप काम झालं. कॅन्सरच्या संदर्भात मुद्दा असा, की ब्रेकचं जनुक शाबूत असलं तरी त्याचं पान चिकटवून टाकलेलं असू शकतं. अक्षर एकही चुकलेलं नाही, पण वाचता येत नाही. नुसती अक्षरं वाचणाऱ्या टेस्टला हे दिसतही नाही. गंमत म्हणजे फाटलेलं पान शिवणं अवघड, पण चिकटलेलं सोडवता येऊ शकतं, आणि रक्ताच्या काही आजारांवर अशी औषधं वापरातही आहेत.

औषधांचं म्हणाल तर जुनं आणि गाजलेलं उदाहरण रक्ताच्या एका कॅन्सरचं, सीएमएलचं. १९६० मध्ये फिलाडेल्फियात एक खुजं गुणसूत्र दिसलं. १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी ओळखलं, की नववं आणि बाविसावं गुणसूत्र यांनी तुकड्यांची अदलाबदल केली आहे. त्या सांध्यावर तयार होणाऱ्या प्रथिनाला नेमकं अडवणारं इमॅटिनिब २००१ मध्ये आलं आणि आजाराचं रूपच पालटलं. त्याच औषधाच्या पेटंटचा खटला आपल्या सर्वोच्च न्यायालयात २०१३ मध्ये निकाली निघाला, कंपनीच्या विरोधात.

मावशीच्या कामाचं उदाहरण मात्र दुसरं. ब्राका बिघडलेल्या गाठीकडे दुरुस्तीचा मुख्य रस्ता नसतो. ती गल्लीबोळातून कशीबशी काम भागवते. पार्प नावाच्या प्रथिनाला अडवणारी औषधं २०१४ पासून आली, ती नेमका हा बोळ बंद करतात. निरोगी पेशीचा हमरस्ता चालू असल्यानं ती तगते, गाठीची पेशी अडकून मरते. म्हणून ही टेस्ट करायची. घाबरवण्यासाठी नाही, औषध कुठलं द्यायचं ते ठरवण्यासाठी. हे डॉक्टरांनी एका वाक्यात सांगितलं असतं तर तिची एक रात्र वाचली असती.

परत निघताना मी तिला आणखी एक गोष्ट सांगितली, कारण ती तिलाच कळणार होती. २०१३ मध्ये ७,०००हून अधिक गाठींमधल्या चुका एकत्र मांडून पाहिल्या, तेव्हा त्यांत २०हून जास्त ठरावीक वळणं निघाली. सिगारेटच्या धुराची चूक वेगळी : सीच्या जागी ए. उन्हाची वेगळी : सीच्या जागी टी. ब्राका बिघडलं तर आणखी वेगळी. गाठ वाचून तिच्यामागे कुणाचा हात होता हे बऱ्याचदा सांगता येतं. मावशी हसली. ‘‘त्यात काय? गॅली हातात घेतली की मी सांगायची, ही कुणी जुळवलीय. एक जण नेहमी ‘ष’चा ‘श’ करायचा, एक ओळीच्या शेवटचा अनुस्वार खायचा.’’

तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला. घातक बदल सापडला नाही. पण बीआरसीए २ मध्ये एक बदल होता आणि त्यापुढे लिहिलं होतं : अर्थ अनिश्चित. म्हणजे अक्षर वेगळं आहे, पण ते बाधणारं की निरुपद्रवी, हे आजच्या माहितीवर ठरवता येत नाही. असे शेरे आपल्याकडे जास्त येतात, कारण ज्या माहितीशी ताडून पाहायचं ती मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांची आहे. त्यांच्यात दुर्मीळ असलेलं अक्षर आपल्याकडे कदाचित घरोघरी असेल. जीनोम इंडिया प्रकल्पात १०,००० भारतीयांचे जीनोम वाचले गेले, ते अशाच तुलनेला उपयोगी पडतात.

समुपदेशक बाईंनी यावेळी वेळ काढून सांगितलं : या शेऱ्यावरून कुठलाही निर्णय घेऊ नका, मुलीची तपासणी आत्ता नको, दरवर्षी विचारत राहा, शेरे बदलतात. आणि घराण्याची माहिती जितकी नीट मिळेल तितकी आणा.

मावशीनं चष्मा चढवला, पेन्सिल घेतली आणि त्या ओळीशेजारी समासात प्रश्नचिन्ह काढलं. मूळ प्रतीतच शंका असली की ती लेखकासाठी काढायची, तसं. मग साताऱ्याच्या आतेभावाला फोन लावला. ‘‘अरे, आत्याचे जुने कागद ठेवलेत का रे कुठे? दवाखान्याचे. माळ्यावर बघ जरा.’’